आईला पीसीओडी, मुलगी वयात येतेय: साताऱ्याहून पुण्याच्या हार्मोन क्लिनिकला गेलो त्याचा रिव्ह्यू

चार स्टार देतेय. पाचवा कापला तो आहारवाल्या मॅडममुळे, ते पुढे लिहिते. ज्यांना स्वतःला पीसीओडी (हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होते तो त्रास, डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात) आहे आणि मुलगी नऊ-दहा-अकराची झालीय अशा आयांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, बाकीच्यांनी वेटिंग आणि खर्चाचं तेवढं वाचलं तरी चालेल.

आमची केस सांगते. मला कॉलेजपासून पीसीओडी, तीन-तीन महिने पाळीचा पत्ता नाही, हनुवटीवर केस, लग्नानंतर दिवस राहावेत म्हणून गोळ्या, मग गरोदरपणात शुगर, सगळं होऊन गेलंय. मुलगी आता सहावीत आहे. पाळी अजून आली नाही पण चौथीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत छातीत गाठ आल्यासारखी दुखते म्हणाली तिथून सुरुवात झाली, आता ओठावर लव दिसायला लागलीय, मान काळी पडलीय, वजनही वाढलंय. आणि घरी जो पाहुणा येईल तो एकदा तिच्याकडे बघणार, एकदा माझ्याकडे बघणार आणि म्हणणार अगदी आईवर गेलीये हो. पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं, आता पोटात गोळा येतो.

गावातल्या दोन ठिकाणी विचारलं तर दोन्हीकडे एकच, सोनोग्राफी करून घ्या आणि एएमएच (अंडाशयाच्या एका हार्मोनची रक्ताची टेस्ट) करा. त्यात मोबाईलवर एका लॅबची जाहिरात सारखी यायची, मुलींसाठी खास पीसीओडी पॅकेज, पासष्ट टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार, वर व्हिटॅमिन डी फ्री. माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलीचं ते केलं होतं त्याचं रामायण खाली आहे. मी म्हटलं आधी मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवू, मग रक्त द्यायचं का ते ठरवू. मुलांच्या वाढीचे आणि हार्मोनचे वेगळे डॉक्टर असतात हेच खूप जणींना माहीत नाही. आपण एकतर बालरोगवाल्यांकडे जातो नाहीतर थेट स्वतःच्या गायनॅकला दाखवतो, आणि अकरा वर्षांची पोर गरोदर बायकांच्या रांगेत, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली पाणी पिऊन पिऊन सोनोग्राफीची वाट बघत बसते.

पहिला मार्क क्लिनिकला फोनवरच. अपॉइंटमेंट घेताना मी विचारलं कुठल्या टेस्ट करून आणू, तर समोरच्या ताई म्हणाल्या काहीच करू नका, जुनं आहे ते आणा. जुनं म्हणजे काय तर मुलीचं जन्मवजन, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षीची उंची-वजन असते ती पानं, माझी स्वतःची पीसीओडीची फाईल, गरोदरपणातले शुगरचे रिपोर्ट, आणि दोन्हीकडच्या घरांत कोणाला डायबिटीस, कोणाला बीपी. एक फॉर्म पाठवला होता त्यात माझी पहिली पाळी कितव्या वर्षी आली तेही होतं. माझी फाईल माळ्यावरच्या बॅगेत निघाली. मुलीच्या डॉक्टरला आईची फाईल लागते हे आधी चमत्कारिक वाटलं पण तिथे गेल्यावर कळलं की सगळी चर्चा त्याच्यावरच आहे.

वेटिंग भयानक आहे. अकराची वेळ दिली होती आणि नंबर लागला दीडनंतर. हा आठवड्यातून एकदाच चालणारा ओपीडी आहे आणि त्यात टाईप वन डायबिटीसची लहान मुलं, उंची न वाढणारी मुलं, थायरॉईड, सगळे एकत्र. डबा घेऊन जा. एक मात्र आवडलं, भिंतीवर ते जाड बाई, बारीक बाई असले फोटो नाहीत. मुला-मुलींच्या वाढीचे तक्ते आहेत आणि एक मोठी उंची मोजायची पट्टी, पोरं एकमेकांची उंची मोजत बसतात.

आता मुख्य. डॉक्टर मॅडम आधी माझ्याशी बोलल्याच नाहीत. मुलीला नावाने हाक मारून समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, तुला स्वतःला काय त्रास वाटतो? मला वाटलं ही गप्प बसणार, तर ती म्हणाली व्हॅनमध्ये एक मुलगा मला मिशीवाली म्हणतो. हे मला घरी कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी ते लिहून घेतलं, अगदी तक्रार लिहून घेतात तसं, आणि म्हणाल्या त्याचं आपण बघू. मग तपासायच्या आधी तिला विचारलं, पडद्यामागे आई असलेली चालेल का बाहेर थांबू दे, काय बघणार आहे आणि का ते सांगितलं, आणि मगच तपासलं. मी आयुष्यभर इतक्या डॉक्टरांकडे गेले, मला कोणी असं विचारलेलं आठवत नाही.

मग शाळेतल्या सगळ्या नोंदी तक्त्यावर मांडल्या. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी केलेले. त्यात बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन) तक्त्यावर मोठ्या माणसांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या दोन रेषा असतात, पहिली ओलांडली की वजन जास्त, दुसरी ओलांडली की लठ्ठपणा. आमचा ठिपका पहिल्या रेषेच्या वर गेलाय आणि कधी गेला तेही दिसलं, इयत्ता दुसरीनंतर, म्हणजे शाळेची व्हॅन सुरू झाली आणि चालत जाणं बंद झालं तेव्हापासून चढतोय. उंची मात्र स्वतःच्या रेषेवर नीट चाललीय. छातीची वाढ सुरू झाली की साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, त्या हिशोबाने हिची आता वर्षभरात यावी असा अंदाज दिला, आणि पाळी आल्यावरही उंची पाचेक-सात सेंटीमीटर वाढते, लगेच थांबत नाही, हे ऐकून सासूबाईंचा एक सिद्धांत निकालात निघाला.

मी शेवटी विचारलंच. मॅडम, हिला पीसीओडी आहे का?

उत्तर होतं, आज ते सांगता येत नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण हे उडवून लावल्यासारखं नव्हतं, अर्धा तास समजावलं आणि मराठीत छापलेला एक कागद दिला. थोडं त्या कागदातलं, थोडं मी नंतर वाचलेलं, सगळं एकत्र लिहिते कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही.

धोका जास्त असतो हे खरं आहे. स्वीडनमध्ये सरकारी नोंदींवरून २०१९ मध्ये अभ्यास झाला त्यात पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींना पुढे तेच निदान व्हायचं प्रमाण इतर मुलींच्या साधारण पाचपट निघालं. आता त्यात आईला माहिती असल्यामुळे मुलगी डॉक्टरकडे आधी पोचते हेही असणार, असं मला वाटतं, पण पाचपट म्हणजे नुसतं तेवढं नसणार. चिलीमध्ये सँटियागोला तेरेसा सिर-पेटरमन यांच्या टीमने तर अशा मुलींचा लहानपणापासून अभ्यास केलाय. त्यात दिसलं की वयात येण्याच्या आधीपासूनच या मुलींची अंडाशयं थोडी मोठी असतात आणि ग्लुकोज प्यायल्यावर इन्सुलिन जास्त वाढतं, पण टेस्टोस्टेरॉन मात्र वाढलेलं दिसतं ते वयात येण्याच्या शेवटच्या टप्प्यांत. म्हणजे इन्सुलिनची गडबड आधी, पुरुषी हार्मोनची नंतर. आणि एएमएच, ज्याच्यासाठी सगळे मागे लागतात, ते अशा मुलींमध्ये तान्हेपणापासून जास्त असू शकतं. तर मग अकराव्या वर्षी एएमएच करून काय कळणार, हिची आई कोण आहे एवढंच, आणि ते मला माहितीय!

सोनोग्राफीचं तर अजून सोपं आहे. या वयात अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) भरपूर दिसणं हे नॉर्मलच असतं, त्यात पोटावरून केलेली सोनोग्राफी, चित्र नीट दिसत नाही. २०२३ ची पीसीओएसची जी आंतरराष्ट्रीय गाईडलाईन आहे त्यात स्पष्ट आहे की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका, एएमएचही नको. मोठ्या बाईला तीनातल्या दोन गोष्टी असल्या की पीसीओएस म्हणतात, पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, आणि सोनोग्राफी किंवा एएमएच. मुलींमध्ये मात्र पहिल्या दोन्ही पाहिजेत, आणि त्याही वयाच्या हिशोबाने मोजायच्या. नाहीतर काय होतं बघा, मुंबईत किशोरवयीन आणि तरुण मुलींची वस्तीत जाऊन पाहणी झाली होती, २०१४ मध्ये छापून आली, त्यात एका व्याख्येने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस आणि दुसऱ्या जरा कडक व्याख्येने १०.७ टक्के. मुली त्याच, फक्त फूटपट्टी बदलली.

पाळी अनियमित कशाला म्हणायचं ते कागदावर आहे आणि मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. पहिलं वर्ष पुढेमागे होणं नॉर्मल. पहिल्या वर्षानंतर तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत २१ ते ४५ दिवसांत आली तर ठीक. तीन वर्षांनंतर २१ ते ३५. पहिलं वर्ष संपल्यावर एकदा जरी ९० दिवसांच्या वर गेली तर दाखवायचं. आणि पंधरा पूर्ण होऊनही किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं होऊनही आलीच नाही तरी दाखवायचं. दर तासाला पॅड भिजतोय इतकं जाणं असेल तर कुठलीही वाट न बघता डॉक्टर गाठायचा. घरातल्या बायका एकतर पहिल्याच महिन्यात घाबरतात नाहीतर चार-चार वर्षं "लग्न झालं की होईल नीट" म्हणतात, माझ्या बाबतीत दुसरं झालं.

आता जाऊबाईंचं. त्यांची मुलगी तेरा वर्षांची, पाळी येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, एकदा दोन महिने आली नाही म्हणून त्यांनी ते लॅबचं पॅकेज केलं. रिपोर्ट आला त्यात लाल अक्षरांची जत्रा, एएमएच हाय, बाजूला नॉर्मल म्हणून दिलेला आकडा मोठ्या बायकांचा. मग सोनोग्राफी, तिथे दोन्ही बाजूला पॉलिसिस्टिक लिहून आलं. शेजारच्या काकूंनी ते ऐकून पोरीच्या समोर मूल व्हायला त्रास होईल म्हणून सांगितलं. तेरा वर्षांची पोर रात्री रडत होती. नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून टेस्टोस्टेरॉन परत केलं तर वेगळंच आलं, आणि मग निघालं की मामीने केसांसाठी बायोटिनच्या (एक व्हिटॅमिन) गोड गोळ्या दिल्या होत्या, बायोटिनमुळे काही लॅबच्या हार्मोन टेस्ट खोट्या येऊ शकतात. पॅकेजवाल्या मुलाने रक्त घेताना काही विचारलं नव्हतं. त्या पॅकेजला माझ्याकडून एक स्टार, तोही सुई नीट टोचली म्हणून. तिलाही पुढच्या खेपेला इथेच आणलं, मॅडमनी फाईल बघून बाजूला ठेवली आणि कॅलेंडर मागितलं.

आमच्या मुलीच्या टेस्ट थोड्याच सांगितल्या, उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), चरबीचं प्रोफाईल, लिव्हरचं एक एन्झाईम. कारण मानेचा काळेपणा आणि वजन, पीसीओडी शोधायला म्हणून नाही. पॅकेजच्या पावपट पैशात झालं. पुढे पाळी आल्यावर वरच्या हिशोबाने गडबड दिसली किंवा केस जाड-काळे व्हायला लागले तर टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि सकाळी लवकर घ्यायची १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन म्हणून एक, कारण अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार अगदी पीसीओडीसारखा दिसतो, तो आधी वगळावा लागतो.

मानेबद्दल जे बोलल्या त्यासाठीच चार स्टार द्यायला पाहिजेत. सासूबाई दर रविवारी हिची मान मसुराच्या पिठाने आणि लिंबाने घासतात, पोर लाल होईपर्यंत. मॅडम मुलीलाच म्हणाल्या, हा मळ नाही, तू घाणेरडी नाहीस, शरीरात इन्सुलिन जास्त झालं की तिथली कातडी जाड आणि काळी होते, घासून जाणार नाही, उलट चिडेल. मुलगी बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, आजीला फोन लाव.

ओठावरच्या केसांनाही हसण्यावारी नेलं नाही. लव आणि जाड काळे केस यातला फरक दाखवला, आपल्याकडे घराण्यात असते लव, हिचं आज तरी तेवढंच आहे. तिला नको असेल तर थ्रेडिंग करा, काढल्याने केस जाड होत नाहीत, लेझर मात्र आत्ता नको कारण हार्मोन अजून बदलतायत. ठरवायचं तिने, आईने नाही. हे "आईने नाही" माझ्याकडे बघून.

आणि आमचे हे बाजूला आरामात बसले होते, पीसीओडी म्हणजे बायकोचं खातं. मॅडमनी विचारलं तुमच्या घरात शुगर कोणाला? तर वडील, दोन काका, आत्या. म्हणाल्या मग मुलीला आईकडूनच मिळालं असं कशाला म्हणता, वडिलांकडचंही येतं. हॉलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात पीसीओडीत अनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघालाय, पण त्याचा अर्थ सगळं आईच्या बाजूचं असा नाही. घरी येताना खंबाटकी घाटापर्यंत हे गप्प होते. सासूबाईंना ही बातमी अजून यांनीच सांगायची आहे, मी वाट बघतेय.

गोळ्या दिल्या का? नाही. मी स्वतः मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, पीसीओडीतही देतात) खाल्लेली, मला वाटलं हिला आत्तापासून दिली तर पुढचं टळेल, पण नुसता धोका आहे म्हणून गोळी द्यायची नाही म्हणाल्या. पीसीओडीसाठी म्हणून मिळते ती इनोसिटॉलची पावडरही नाही, ती तर आजकाल चॉकलेटसारखी विकतात. खालच्या मेडिकलमध्येही काही गळ्यात मारलं नाही, हे पुण्यात मोठंच म्हणायचं.

वजनाबद्दल मॅडमनी मुलीसमोर "वजन कमी कर" हा शब्दच काढला नाही. उंची वाढतेय, वजन आहे तिथे जरी थांबलं तरी ठिपका आपोआप खाली येईल, रोज तासभर अंग हलवायचं, झोप पूर्ण. तिला काय आवडतं विचारलं, खो-खो म्हणाली, मग खो-खोच.

आणि एवढं सगळं जपून सांगितल्यावर आम्हाला पाठवलं शेजारच्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे. तिथे बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "वजन तर कमी केलंच पाहिजे हां बेटा, नाहीतर मम्मीसारखं होईल." मुलीचा चेहरा उतरला, माझाही. मग छापील कागद, ओट्स, किनोआ, ब्राऊन राईस, ग्रीन टी, भिजवलेले बदाम. आमच्याकडे ज्वारी आहे, बाजरी आहे, घेवडा आहे, मटकी आहे, रविवारी मटण असतं, याबद्दल एक अक्षर नाही. शाळेच्या डब्यात काय, व्हॅनमधून उतरल्यावर भूक लागते तेव्हा काय, चहाबरोबरची बिस्किटं, हे काहीच विचारलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला ग्रीन टी कशाला? त्याचे वेगळे पैसे घेतात, घ्यायचं का नाही ते आधी विचारा, पर्याय आहे पण रिसेप्शनवर सांगत नाहीत, सरळ बिलात लावतात. डॉक्टर मॅडमना मी पुढच्या खेपेला हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, कागद अजून तोच आहे.

फॉलोअप सहा महिन्यांनी. व्हिडिओवर होतो म्हणतात पण लिंक चालली नाही आणि तसंही उंची-वजन तिथलंच पाहिजे, त्यामुळे गेलेलंच बरं. पाळी सुरू झाली की तारखा मुलीने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायच्या, अॅप नको, असं सांगितलंय. कॅलेंडर तिने खोलीत आणून लावलंय, आत्ता त्याच्यावर खो-खोच्या मॅच आहेत.

कोणी थांबू नये तेही लिहिते. मुलगी आठच्या आत असेल आणि छातीची वाढ किंवा खालचे केस दिसायला लागले, किंवा कुठल्याही वयात केस एकदम झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला, तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, फोनवर तसं स्पष्ट सांगा, ते मध्ये घेतात. आणि मुलगी ठणठणीत आहे, वाढ वेळेवर आहे, फक्त आईला पीसीओडी आहे म्हणून धसका, तर एवढ्या लांब यायची गरज नाही, जवळच्या बालरोगवाल्यांना वर्षातून एकदा तक्त्यावर ठिपका टाकायला सांगा.

साताऱ्याकडून येणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरा, स्वारगेटवरून रिक्षा, आणि संध्याकाळपर्यंतचा दिवस गेला असं समजा. गाडी आणू नका, पार्किंगवाला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत पाठवतो आणि तिथून टो होते. रिसेप्शनला फोन सकाळी दहाच्या आत करा, दुपारी कोणी उचलत नाही.